मदत हवी आहे: देवबागच्या वाळूत घरगुती खानावळ – सांडपाणी, बाटल्या आणि ताटातले मासे, दिवाळीआधी काय बदलता येईल?

धागाकर्ती: कर्लीकाठ

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात देवबागला आमची घरगुती खानावळ आहे, जोडीला पर्यटकांसाठी चार खोल्या. स्वयंपाक मी आणि सासूबाई बघतो, बाजारहाट आणि खोल्यांचं काम नवऱ्याकडे, आणि दीर रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात ती मासेमारी) जातात. दिवाळी ते मे हा आमचा हंगाम. सध्या पाऊस लागलाय, खोल्या रिकाम्या आहेत, म्हणून आत्ताच विचारून घेते. एकदा पाहुणे सुरू झाले की मान वर करायला वेळ नसतो.

देवबाग न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीवरच घरं, माड, विहिरी, खानावळी, बोटवाल्यांची ऑफिसं, सगळं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण आमच्या वाडीला खरी गर्दी स्कूबा आणि बोटींमुळे लागली. त्या गर्दीवरच आमचं घर चालतं, त्यामुळे पर्यटक नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मला फक्त ते आले तरी गाव टिकायला हवं आहे.

मुख्य काळजी विहिरीची. पावसाचं जे पाणी वाळूत मुरतं ते खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं, तेवढंच आमचं गोडं पाणी. पिणं, स्वयंपाक, पाहुण्यांच्या आंघोळी, सगळं त्यावर. आमचा संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून बारा-तेरा पावलांवर आहे. सासऱ्यांनी तो बांधला तेव्हा घरात पाच माणसं होती. आता नाताळात दिवसाला चाळीस-चाळीस पानं उठतात आणि खोल्यांत दहा-बारा माणसं मुक्कामाला असतात. स्वयंपाकघराचं पाणी वेगळ्या खड्ड्यात जातं. गेल्या मे महिन्यात ते तुंबलं. पाइप उघडला तर आत तेल आणि खोबऱ्याचा पांढुरका थर गोठून बसला होता, आणि खड्ड्याची वाळू इतकी काळी चिकट झाली होती की फावड्याला लोण्यासारखी लागत होती. त्याच आठवड्यात विहिरीच्या पाण्याला किंचित वास आला. पहिला पाऊस पडल्यावर तो गेला, पण माझ्या मनातून गेला नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. अशा वाळूत, जिथे पावसाळ्यात चार-पाच फुटांवर पाणी लागतं, तिथे सांडपाण्याचं काय करायचं? एक विक्रेता येऊन गेला. तो म्हणतो बायोडायजेस्टरची तयार टाकी बसवा, बॅक्टेरिया सगळं खातात, बाहेर येणारं पाणी खुशाल वाळूत सोडा. दर ऐकून छाती दडपली, पण खरोखर उपयोग होणार असेल तर कर्ज काढायची तयारी आहे. सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) नुसती टाकी बांधायलाही परवानगी लागते का?

दुसरं, पाण्याच्या बाटल्या. प्लास्टिकचे चमचे, ग्लास आणि स्ट्रॉ आम्ही कधीच बंद केले. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर थोडे आणि जुलै २०२२ च्या देशभरच्या बंदीनंतर उरलेले. पण सीलबंद बाटली सुटत नाही. जग भरून ठेवला तर लोक त्याकडे बघतात आणि विचारतात, "बिसलेरी नाही का?"

तिसरं, मासे. सगळ्यांना सुरमई, पापलेट आणि कोळंबीच हवी. दिरांच्या रापणीला तारली, पेडवे, बांगडा, सौंदाळे मिळतात ते विकायला जातात आणि मी सुरमई बाजारातून चढ्या भावाने आणते. हे उलटं झालंय असं मला वाटतं. "आज जे मिळालं ते" अशी थाळी कोणी चालवून दाखवली आहे का?

सासूबाईंनी आधी विचारलं होतं, "ह्या सगळा करून गिरायक वाढतला काय?" मग रात्री जेवताना स्वतःच म्हणाल्या, "विहिरीचा पाणी गेला तर खानावळ खंयची?" त्यामुळे घरात आता एकमत आहे, फक्त वाट सापडत नाहीये. आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद: पाणीदार

ताई, मी पुण्यात सांडपाणी प्रक्रियेचं काम करतो. कोकणातली काही छोटी हॉटेलं केली आहेत. तुमचा प्रश्न क्रमांक एक बाकी सगळ्यांच्या आधी सोडवायला हवा, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पैसे खर्च करण्याआधी विहीर तपासा. ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्रात एच-टू-एसच्या छोट्या बाटल्या मिळतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळल्याची दाट शंका धरायची. मग जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या आणि जंतूंबरोबर नायट्रेटही तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या जवळ असेल तर संडासाचं पाणी विहिरीला पोचतंय असंच समजा. एक तपासणी आत्ता, भूजल वर असताना, आणि दुसरी मे महिन्यात, गर्दीनंतर. वास गेला याचा अर्थ पाणी चांगलं झालं असा होत नाही, पावसाने ते फक्त पातळ होतं. तोपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच वापरा, घरच्यांनीसुद्धा.

सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही. गाळ तळाशी बसवतो, साय वर धरतो, आणि मधलं पाणी जंतूंसकट पुढे जातं. खरी शुद्धी पुढच्या मातीत होते, तीही पाणी हळूहळू मुरलं तरच. तुमची वाळू पाण्याला थांबूच देत नाही. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा. तुमची बारा-तेरा पावलं म्हणजे नऊ-दहा मीटर. वाळूत तर १८ मीटरही मला कमीच वाटतात.

मी असतो तर असं केलं असतं. स्वयंपाकघराचं पाणी आधी ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे तेल अडवणाऱ्या टाकीत. चाळीस पानांसाठी दोनशे-तीनशे लिटरची, दोन कप्प्यांची टाकी पुरे. बाहेर जाणारा पाइप आतल्या बाजूने खाली वळवलेला हवा, म्हणजे वरचं तेल आतच राहतं. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी थर काढायचा. त्याहून सोपं आणि फुकटचं काम म्हणजे ताटं घासायच्या आधी उरलेलं कालवण पुसून बादलीत घ्यायचं. निम्मा त्रास तिथेच संपतो. उकळतं पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतू नका, तेल वितळून पुढे पळतं.

संडासाची टाकी तळापासून पाणी न झिरपणारी, कप्पे असलेली करून घ्या. दोन्हींचं पाणी एका लागवडीच्या वाफ्यात न्या: दोन फूट खोल खडी, वर कर्दळ आणि लव्हाळा. मुक्कामाच्या माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर जागा धरा. घरची माणसं आणि पाहुणे मिळून तुम्हाला वीस ते तीस चौरस मीटर लागतील. दोन गोष्टी विसरू नका. वाफ्याला खालून जाड प्लास्टिकच्या कापडाचं किंवा सिमेंटचं अस्तर हवंच, नाहीतर वाळूत तो वाफा नुसताच मोठा शोषखड्डा होईल. आणि तुमच्याकडे भूजल वर येतं, त्यामुळे तो जमिनीत खणू नका. दोन-अडीच फुटांचा उंचवटा करून त्यावर घ्या आणि छोट्या पंपाने पाणी चढवा. वाफ्यातून निघालेलं पाणी माडांना द्या, विहिरीच्या उलट्या बाजूच्या. ते पाणी पिण्यालायक नसतं आणि भाजीलाही नको.

बायोडायजेस्टर वाईट नाही. हे तंत्र डीआरडीओने सैन्यासाठी विकसित केलं आणि ते चालतं. पण "बाहेरचं पाणी खुशाल वाळूत सोडा" हे वाक्य ज्याने म्हटलं त्याच्याकडून टाकी घेऊ नका. त्याला विचारा: बाहेर येणाऱ्या पाण्याचा जंतूंचा अहवाल दाखव, नाताळात दुप्पट माणसं आली तर काय होतं, आणि दुरुस्तीला कोण येणार? कोणतीही टाकी घेतलीत तरी संडासात ॲसिड आणि फिनेल ओतणं थांबवा, आतले कामाचे जंतू त्याने मरतात.

---

प्रतिसाद: उत्तरगोवा

आम्ही पेडण्याच्या किनाऱ्यावरचे. परवानगीबद्दल थोडं.

२०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवायला मुभा आहे, पण जोत्याचं क्षेत्र आणि घराचा दर्शनी भाग न बदलता. किनाऱ्यावर शॅकसारख्या (झापा-बांबूच्या खानावळीसारख्या) तात्पुरत्या सोयी चालतात, तेही भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. तुमची टाकी घराच्या आवारातली, जुन्या सोयीची सुधारणा आहे. तरी तोंडी होकारावर काम काढू नका. साधा नकाशा काढा, जुना खड्डा, विहीर आणि नवी टाकी त्यावर दाखवा आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज करून पोच घ्या. किनारा क्षेत्र प्राधिकरणाकडे जावं लागेल की नाही हेही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. उद्या कोणी तक्रार केली तर तो कागदच तुम्हाला वाचवेल.

आमच्याकडचं सांगतो, कारण देवबाग त्याच वाटेवर दिसतंय. गोव्यात शॅक हंगामी असतो, पावसाआधी मोडावा लागतो, परवाना पर्यटन खात्याचा. झापांचं छप्पर आणि बांबू निघून जातात आणि लोकांना वाटतं किनारा मोकळा झाला. पण वाळूत काढलेला खड्डा मोडून नेता येत नाही. वरून पांढरी वाळू, हातभर खाली काळी. त्याच वाळूत पर्यटकांची पोरं किल्ले करतात. ही गोष्ट आम्ही फार उशिरा बोलायला लागलो. तुम्ही आताच बोलताय, याचा मला मनापासून आनंद आहे.

जाता जाता दिव्यांचंही बघा. मोरजी, आश्वें, मांद्रें भागात कासवं येतात म्हणून शॅकवाल्यांवर उजेड आणि आवाजाची बंधनं आहेत. तुमच्या जिल्ह्यात वायंगणी, तांबळडेगला कासवं अंडी घालतात. समुद्राकडे तोंड केलेला पांढरा फ्लडलाइट असेल तर काढा, पिवळा दिवा जमिनीकडे वळवून लावा. खर्च जवळजवळ शून्य. आणि पुढच्या मर्यादवेलीवर खुर्च्या मांडू नका, वाळू तीच धरून ठेवते.

---

प्रतिसाद: हर्णैची सून

कर्लीकाठ, तुझं लिहिणं वाचून वाटलं आपण एकाच चुलीशी उभ्या आहोत. आमचीही खानावळ, दापोली तालुक्यात.

बाटल्यांचं आमचं गणित हळूहळू सुटलं. लोकांना बाटली नको असते, त्यांना खात्री हवी असते. पोट बिघडलं तर सहल वाया जाते, त्यांची भीती खोटी नाही. आम्ही पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जेवणघरात फ्रेम करून लावला, तारखेसकट. शेजारी स्टीलची नळाची टाकी, लोकांना दिसेल अशी. काचेच्या बाटल्या भरून टेबलावर, बूच झाकलेलं. पाहुणा बसला की आधी सांगायचं, "पाणी उकळून गाळलेलं आहे, खोलीवर न्यायला बाटली भरून घ्या." सीलबंद मागितली तर तीही देतो, पण फ्रिजच्या दर्शनी कप्प्यात ठेवत नाही. बरेच जण मागायचे थांबले. तुझी विहीर मात्र आधी स्वच्छ निघायला हवी, तोवर फ्रेम लावू नकोस.

आरओ घ्यायची घाई नको. पाणी गोडं आहे तर आरओ कशाला? त्यात बरंच पाणी वाया जातं आणि तुमच्याकडे गोडं पाणी मोजकं. जंतूंसाठी यूव्ही पुरतो, पण पाणी गढूळ असेल तर आधी गाळणी लागते.

ताटं स्टीलचीच ठेव. पोफळीच्या विरीच्या प्लेटा सुंदर दिसतात, पण रोज चाळीस फेकायच्या तर त्याला काय अर्थ? आम्ही त्या फक्त पार्सलला आणि बोटीवर न्यायच्या नाश्त्याला वापरतो.

माशांची आतडी, खवले, कोळंबीची सालं माडाच्या आळ्यात पुरायची हे तुझ्या सासूबाईंना सांगायला नको. खोल पुरा, वर झावळी आणि माती, नाहीतर कुत्री उकरतात. ओला कचरा जास्त असेल तर बायोगॅस कर. तुमच्या जिल्ह्यात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगाव बायोगॅस उभे केले आहेत, त्यांना विचार. फक्त वाळूत, पाणी वर असताना, जमिनीत घुमट बांधणं अवघड जातं. जमिनीवर बसणारा प्रकार आहे का ते बघ.

---

प्रतिसाद: खाडीतला

माशांवर लिहितो, मच्छीमार घरातला आहे.

आधी पाणीदारांच्या मुद्द्याला एक पुरवणी. तुम्ही थाळीत तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं देता ना? हे जीव खाडीचं पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. खाडीकाठच्या सगळ्या खानावळींचं सांडपाणी वाळूतून खाडीला लागलं की त्यातले जंतू तिसऱ्यांत साठतात आणि तिसऱ्या आपल्याच पाहुण्यांच्या ताटात. हे एका घराने सुटणार नाही. वाडीतल्या खानावळी मिळून बसलात तर मैला उपसणारा टँकरही एकत्र बोलावता येईल.

सुरमई, पापलेटचं. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे: पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. म्हणजे साडेपाच इंचांहून लहान पापलेट घेऊच नका आणि पंधरा इंचांहून लहान सुरमई घेऊच नका. कोळणीला एकदा स्पष्ट सांगितलंत की ती पुन्हा लहान दाखवत नाही. छोटं पापलेट ताटात पूर्ण बसतं म्हणून खानावळवाले मागतात, आणि मागणी आहे म्हणून ते पकडलं जातं. ती मागणी तुमच्या स्वयंपाकघरात थांबू शकते.

मोरीचं (मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं) मटण मालवणी माणसाला कितीही आवडलं तरी पर्यटकांच्या कार्डावर ठेवू नका. मुशी उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी देतात, एकदा कमी झाल्या की भरून येत नाहीत.

"आजची रापण" अशी थाळी जरूर करा. अट एक: दर सुरमईपेक्षा कमी आणि वाढणी भरपूर. पेडव्यांचं तिखलं, तारल्यांचा सुका, बांगड्याची उडदामेथी, हे हॉटेलात मिळत नाही, म्हणून लोक मागून खातील. आणि जून-जुलैत मासेमारी बंदी असताना कोणी पाहुणा आलाच तर गोडे मासे, सुकट किंवा काळ्या वाटाण्याची उसळ द्या. बर्फातली सुरमई ताजी म्हणून देऊ नका.

---

प्रतिसाद: फिरस्ता

मी दरवर्षी कुटुंबासह मालवणला येतो. पाहुण्याच्या बाजूने एवढंच सांगतो: आम्हाला कोणी सांगत नाही म्हणून आम्ही मागतो. जेवायला बसताना "आज दिराच्या रापणीत सौंदाळे आलेत" असं कोणी म्हटलं तर मी सुरमई विसरतो. खोलीत एक कागद लावा: पाणी कुठून येतं, जातं कुठे, संडासात काय टाकू नये. मुलं तर तो आधी वाचतात. थाळीला वीस-तीस रुपये जास्त लावा आणि का लावले ते सांगा, मी देईन.

---

प्रतिसाद: हर्णैची सून

कर्जाचं राहिलंच. राज्याच्या पर्यटन विभागाचं महिलांसाठी "आई" धोरण आहे, २०२३ चं. पर्यटन व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि ती स्वतः चालवत असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांपर्यंत, विभाग परत करतो. त्याला एकूण साडेचार लाखांची किंवा सात वर्षांची मर्यादा आहे. पर्यटन विभागाकडे नोंदणी लागते आणि कामावर निम्म्या तरी बायका हव्यात. खानावळ कोणाच्या नावावर आहे ते आधी बघ. नवऱ्याच्या नावावर असेल तर आत्ताच बोलून घे.

---

धागाकर्ती: कर्लीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सासूबाईंना एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. तिसऱ्यांचं ऐकून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शेजारच्या दोन घरांना मी सांगते, तुझ्यापेक्षा माझं ऐकतील. त्या लगेच गेल्याही.

आमचं ठरलं ते असं. पाण्याचे नमुने आधी, आणि तोवर घरातही उकळलेलंच पाणी. ग्रीस ट्रॅपचं काम गवंड्याला सांगितलंय, पाऊस उघडला की पहिलं ते. समोरचा फ्लडलाइट उतरवला. दीर "आजची रापण"वर एकदम खूश आहेत, त्यांनीच दर सुचवला. खानावळ सासऱ्यांच्या नावावर आहे, ती माझ्या आणि सासूबाईंच्या नावावर करायला सासरे तयार आहेत. बायोडायजेस्टरवाल्याला अहवाल मागितला, त्याने अजून पाठवलेला नाही.

वाफ्याबद्दल मात्र अजून अडतंय. पाणीदार, विहिरीच्या उलट्या बाजूला आमच्याकडे जेमतेम अठरा चौरस मीटर जागा निघते, तीही दोन माडांच्या मध्ये. माड तोडायचे नाहीत. मुळांनी अस्तर फाटेल का? खोल्यांचं आंघोळीचं पाणी वेगळं काढून थेट माडांना दिलं तर उरलेल्या पाण्याला अठरा चौरस मीटर पुरतील का? आणि वाळूवर उंचवट्याचा वाफा कोणी प्रत्यक्ष बांधला असेल तर कृपया फोटो टाका, कडेचा बांध चिऱ्याचा केला की विटांचा तेही सांगा. आमच्या गवंड्याने असं काम पाहिलेलं नाही, त्याला दाखवायला काहीतरी हवं आहे.